दामदुपटीचा विसर

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीने पुण्यातील कित्येक पगारदारांची झोप उडविली आहे. ही चिंता उधळेपणाची शिक्षा होय, असे मानणाऱ्यांनी (त्यांत आमचे अर्थशास्त्री बांधवही आले) थोडे गणित करावे. दरमहा साडेतीन टक्के व्याज व त्यावर १८ टक्के जीएसटी धरल्यास ५०,००० रुपयांवर २,०६५ रुपये व्याजापोटीच जातात. ‘किमान देय’ म्हणून अडीच हजार भरणाऱ्याचे मुद्दल अवघे ४३५ रुपयांनी घटते. मग धास्ती वाटू नये तर काय?

याच जिल्ह्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी १८७५ साली सावकारांचे कर्जरोखे जाळले, तेव्हा कुठे १८७९ चा कायदा झाला. व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करू नये, हा दामदुपटीचा नियम तर त्याहूनही जुना. उलट, ३० टक्क्यांवरील कार्डव्याज अनुचित ठरविणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. आता संसदेनेच कमाल दर ठरवावा.

तोवर कार्यकर्त्यांनी कर्जदाराशेजारी बसून हिशेब मांडावा, घरच्यांपासून तो लपवू देऊ नये. पतपेढीचे स्वस्त कर्ज मिळत असल्यास कार्ड आधी फेडावे. सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर वसुलीचे फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हेही त्याला सांगावे.