नदीची नाडी उन्हाळ्यातही पाहा

ऑगस्ट महिन्यात सांगलीत कोणालाही विचारा, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी किती फुटांवर आहे ते तो सांगेल. 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी तिथे शाळकरी मुलांनाही पाठ असते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याच्या 39 आणि 43 या आकड्यांचे तेच. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळचे पाणी 57 फुटांच्या वर गेले, ते कोणी विसरलेले नाही. एप्रिलमध्ये मात्र नदीत किती पाणी आहे, हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि विचारला तर सहज उत्तर मिळत नाही. वास्तविक पाण्यावरून भांडणे होतात ती उन्हाळ्यात, आणि आटलेल्या नदीतली घाण दाट होते तीही उन्हाळ्यातच.

मोजणीची साधने आपल्याकडे नाहीत असे नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत तत्काळ माहिती देणारी यंत्रणा उभी राहिली. स्वयंचलित पर्जन्यमापके पाऊस मोजतात, रडारवर चालणारी उपकरणे नदीला स्पर्श न करता पाण्याची पातळी टिपतात आणि ही माहिती आपोआप नियंत्रण कक्षात पोहोचते. धरणाचे दरवाजे किती उचलायचे, हे ठरवताना तिचा उपयोग होतो. परंतु यंत्रणेचा सारा भर पुरावर राहिला. पाऊस ओसरला की लोकांचे लक्षही ओसरते.

उन्हाळ्यात पंचगंगा, कृष्णा आणि त्यांच्या उपनद्यांवर पाटबंधारे विभाग उपसाबंदी जाहीर करतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे घालून पाणी अडवलेले असते. वरच्या गावाने रात्री जास्त पंप चालवले, असे खालच्या गावाला वाटते. पाणी सुटलेच नाही, असे शेवटच्या बंधाऱ्यावरचा शेतकरी म्हणतो. कोणाचे खरे, हे ठरवायला दोघांजवळही आकडा नसतो. मग संशय हेच मोजमाप होते. प्रत्येक बंधाऱ्याची पातळी आणि प्रत्येक मोठ्या उपसा योजनेचा वापर रोज गावाच्या फलकावर लागला, तर निम्मी भांडणे तिथेच मिटतील. पाणी वापर संस्थांना पाणी घनमापन पद्धतीने द्यावे, असे राज्याचा 2005 चा कायदा सांगतोच. मोजलेच नाही, तर तो कागदावर राहणार.

राज्याराज्यांतली वाटणीही याला अपवाद नाही. बच्छावत लवादाने 1976 च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राला कृष्णेचे 560 टीएमसी पाणी दिले. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. हा हिशेब 1 जून ते 31 मे या जलवर्षाचा असतो. पीक आणि माणूस मात्र वर्षाच्या सरासरीवर जगत नाहीत, त्यांना या आठवड्याचे पाणी या आठवड्यात लागते. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच आकडा एकाच वेळी दिसला, तर पूर आणि टंचाई या दोन्ही काळांत आरोपांना जागा कमी उरेल.

यापेक्षा गंभीर बाजू आरोग्याची आहे. प्रवाह घटला की नदीत मिसळणारे सांडपाणी पातळ करायला पाणीच उरत नाही. पहिल्या पावसात बरगे काढले की साचलेले काळे पाणी एकदम खाली जाते आणि शिरोळ तालुक्यात मेलेल्या माशांचा खच दिसतो. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीची मोठी साथ आली आणि तीत माणसे दगावली. अशा साथींमागे बहुधा असणारा हेपॅटायटिस ई हा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणे दिसायला साधारण पाच-सहा आठवडे जातात. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तो जिवावर बेततो. म्हणजे आज रुग्णालयात दाखल झालेला काविळीचा रुग्ण ही महिनाभरापूर्वीच्या पाण्याची बातमी असते. तोवर ते पाणी हजारो घरांत पोहोचलेले असते.

नदीतले संवेदक विषाणू ओळखत नाहीत. पण विरघळलेला प्राणवायू, गढूळपणा, सामू आणि क्षारता ते सतत मोजू शकतात. पिण्यासाठी शुद्ध करून वापरायच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम असावा, असा निकष आहे. तो झपाट्याने घसरू लागला, की उपसा थांबवणे, क्लोरीनची तपासणी वाढवणे आणि पाणी उकळून पिण्याची सूचना देणे त्याच दिवशी शक्य होते. गंगेवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अशी स्वयंचलित केंद्रे उभारली आहेत. महिन्याकाठी घेतलेला एक नमुना हे काम करू शकत नाही. फुटक्या जलवाहिन्यांचा दोष यातून जाणार नाही, पण निदान नदीकडून येणारा धोका आधी कळेल.

यंत्र बसवले की काम संपले, असे मात्र नाही. अतिदक्षता विभागातला मॉनिटर रुग्णाला बरा करत नाही. त्याचा इशारा ऐकून धावणारी परिचारिका लागते. नदीतल्या संवेदकावर गाळ आणि शेवाळ बसते, तो नियमित साफ करावा लागतो. पुरानंतर पात्र बदलते, त्यामुळे पातळीवरून प्रवाह काढण्याचे गणित पुन्हा जुळवावे लागते. यासाठी उद्घाटनाच्या खर्चाइतकीच देखभालीच्या खर्चाची तरतूद हवी.

पाटबंधारे विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आरोग्य विभाग यांचे आकडे आज आपापल्या कपाटात राहतात. ते एका पडद्यावर यावेत, ग्रामपंचायतीला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला रोज मिळावेत, आणि कोणता आकडा आला की कोणी काय करायचे, हे आधीच लेखी ठरलेले असावे. पुराच्या भीतीने आपण नदीचे फूट मोजायला शिकलो. तीच शिस्त एप्रिलमध्ये पाळली, तर जूनमधल्या काविळीच्या कित्येक खाटा रिकाम्या राहतील.