पडद्यापुढील शेजारधर्म

असिसीची संत क्लारा आजारामुळे नाताळच्या मिस्साविधीला जाऊ शकली नाही, तेव्हा तो तिला खोलीच्या भिंतीवर दिसला, अशी आख्यायिका आहे. तिच्याच आधारे पोप बारावे पायस यांनी तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती ठरविले. या निवडीतच विवेकाचे सूत्र आहे. अंथरुणाला खिळलेल्यास पडदा हे वरदानच; २०२० च्या टाळेबंदीत घरी अडकलेल्या भाविकांनीही ते अनुभवले. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने निवडीची जबाबदारी प्रेक्षकांवरही टाकली. परंतु धडधाकट माणूस पडद्यापुढे बसून राहिला आणि शेजारच्या रुग्णाकडे फिरकलाही नाही, तर निवडलेला कार्यक्रम कितीही सात्त्विक असो, शेजाऱ्यावर प्रीती करण्याची ख्रिस्ताची आज्ञा मोडलीच. काय पाहिले याबरोबरच, पाहताना कोणाकडे पाठ फिरविली, हेही ख्रिस्ती माणसाने स्वतःस विचारले पाहिजे.