आंब्याचं बियाणं मडक्यात राहत नाही

हापूसच्या कैरीचं वर्षभर टिकणारं लोणचं होत नाही, हे मी धंद्यातल्या अनुभवावरून सांगते. मी अकोले तालुक्यात लोणची करून विकते. लोणच्याला घट्ट, आंबटढाण आणि कोय धरलेली कैरी लागते. अडकित्त्यावर फोडली की प्रत्येक फोडीला कोयीचं कवच चिकटून राहिलं पाहिजे, म्हणजे वर्ष उलटलं तरी फोड लगदा होत नाही. अशी कैरी मला राजूर, समशेरपूर, कोतूळकडच्या रायवळ झाडांची मिळते. आणि ती दरवर्षी कमी होत चालली आहे.

रायवळ म्हणजे कोयीपासून आपसूक वाढलेलं झाड. आपल्या भागातल्या आंब्याच्या कोयीतून हुबेहूब आईसारखं झाड येत नाही. म्हणून प्रत्येक झाडाची चव वेगळी आणि प्रत्येकाला नाव वेगळं: शेप्या, खोबऱ्या, शेंदऱ्या, गोटी. शेप्याला खरोखर शेपूचा वास येतो. असं झाड तुटलं की त्याची चव जगातून गेली, कारण दुसरं तसं झाड कुठेच नसतं. वृक्षतोडीच्या १९६४च्या कायद्यात आंबा आहे, विनापरवाना तो तोडता येत नाही. पण परवानगी मिळते, वाटण्या होतात, घर वाढवायचं असतं, आणि झाड वखारीत जातं.

आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. वाल, घेवडा, भात यांचं बी वाळवून ठेवलं की पुढच्या हंगामाला उगवतं. आंब्याचं तसं नाही. कोय वाळली की मेली, महिनाभरात तिची उगवण संपत जाते. म्हणजे आंब्याची बीजबँक मडक्यात उभी राहत नाही, ती अंगणातच उभी करावी लागते. माझं म्हणणं एवढंच आहे.

आणि हे काम अवघड नाही. चोखलेली कोय त्याच आठवड्यात धुऊन, भिंतीपासून पंधरा-वीस फूट लांब, जिथे झाड हवं तिथेच लावा. दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोंब वर येतो. (पोरं असली कोय उपटून, दगडावर घासून पुंगी करतात, तेवढी राखण करावी लागते.) जागेवर वाढलेल्या रोपाचं सोटमूळ सरळ खोल जातं, रोपवाटिकेच्या पिशवीत तेच मूळ तळाला गुंडाळतं. आपल्याकडे घाटघर-रतनवाडीला पाऊस धो धो आणि अकोले गावाला बेताचा, म्हणून खोल गेलेल्या मुळाची किंमत उन्हाळ्यात कळते.

रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की पावसाळी दमट हवेत त्यावर गावातल्या आवडत्या रायवळाची काडी बांधा. काडीची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापायची, मग पाचर करून बसवायची, प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळायची आणि वरून पेप्सीकोल्याची रिकामी नळी टोपीसारखी चढवायची. असं कलम चार-पाच वर्षांत फळ धरतं आणि ते फळ त्याच शेप्याचं असतं.

लोक म्हणतात, आंबा घराला फार मोठा होतो, पाचोळा पडतो, पोरं दगड मारतात. फळं उतरल्यावर दरवर्षी छाटणी केली तर कलम शिडीच्या उंचीत राहतं. दगडांवर मात्र माझ्याकडे उपाय नाही.

दुसरा आक्षेप, केशर का नको? जरूर लावा. जुनागढच्या त्या आंब्यानं आपल्या देशावर चांगला जम बसवला आहे. पण गावभर एकच जात असली की मोहोर एकदम येतो, आणि दोन ढगाळ आठवडे तुडतुडे-भुरीला पुरतात. रायवळात एक पौषात मोहोरतो, दुसरा माघाअखेर. अवकाळीनं एकाचा मोहोर झाडला तरी दुसरा कैरी देतो. माझा धंदा या मागं-पुढं येण्यावरच चालतो.

रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेनं १९९०पासून शेतात बागा उभ्या केल्या. अंगणाला सरकारी योजना नको, ग्रामसभेचा एक ठराव पुरे. गावातल्या रायवळ झाडांची यादी करा: नाव, चव, पिकण्याचा महिना, कुणाच्या बांधावर. शाळेच्या कुंपणाला कोयी लावा. श्रावणात कलम बांधता येणारा माणूस कृषी खात्याकडून मागवा. यादीत पहिलं नाव कापायला निघालेल्या झाडाचं घाला, कारण काडी घ्यायची तर ती झाड उभं असतानाच घ्यावी लागते.