वेताळ आठवतो, मग शंकर का आठवत नाही?

गेल्या महिन्यात उल्हासनगरला एका रद्दीवाल्याकडे जुन्या हॉरर कॉमिक्सचा गठ्ठा दिसला. वरच्या कव्हरवर कबरीतून बाहेर आलेला हात आणि मागे पिवळा चंद्र. दुकानदाराने गठ्ठा काट्यावर टाकून किलोचा भाव सांगितला. सोबत आलेले माझे बदलापूरचे मित्र निवृत्त शिक्षक आहेत. ते म्हणाले, "सर, पोरं बिघडवणारा हा कचरा कशाला उचलता?" अंबरनाथला घरी पोचलो तर अम्मी म्हणाली, "जिन्न-भुतांच्या तसबिरी घरात नकोत, बाबा."

गुरुजींना ते साहित्य वाटत नाही, अम्मीला ते जायज वाटत नाही. एरवी या दोघांचं कशावरही एकमत होणार नाही, पण इथे झालं. आणि दोघांनीही चित्राकडे नीट पाहिलं नव्हतं.

माझं भांडण या न पाहण्याशी आहे.

गुरुजींना मी विचारलं, "लहानपणी 'चांदोबा' वाचत होता ना?" चेहरा खुलला. एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून निघालेला विक्रम राजा त्यांच्या लगेच डोळ्यांपुढे आला. मराठी घरांतल्या कित्येक पिढ्यांनी भयाचं पहिलं चित्र पाहिलं ते हेच. पण ते कोणी काढलं? गुरुजी गप्प. ते काढलं के. सी. शिवशंकरन यांनी. 'शंकर' या नावाने ते ओळखले जात. मद्रासच्या त्या मासिकासाठी त्यांनी सुमारे साठ वर्षं चित्रं काढली. सप्टेंबर 2020 मध्ये ते गेले आणि पद्मश्री जाहीर झाली जानेवारी 2021 मध्ये, म्हणजे मरणोत्तर.

"प्रकाशकांनी चित्रकारांची नावं दडवली" असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. शंकर आपल्या चित्रांवर सही करत होते. राज कॉमिक्सच्या अंकांत चित्रकाराचं नाव छापलेलं असे. त्यांच्या नागराजला ज्यांनी आकार दिला ते प्रताप मुळीक पुण्याचे, आपले मराठी. नागराज ठाऊक असलेल्या किती मराठी वाचकांना मुळीक ठाऊक आहेत? नाव छापलेलं होतं. आपण पान उलटलं.

अमेरिकेत हॉरर कॉमिक्सवर 1954 साली सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. त्याच वर्षी आलेल्या कॉमिक्स कोडने मुखपृष्ठावरच्या नावात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्दच बंद केले. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' काढणाऱ्या ईसी कॉमिक्सची भयकथांची मासिकं बंद पडली. पण याच कंपनीने आपल्या चित्रकारांना सही करू दिली होती, त्यांची ओळख अंकात छापली होती. म्हणून ग्रॅहम इंगल्ससारख्या चित्रकारावर तिथे आजही लिहिलं जातं. आपल्याकडे एवढा गदारोळ न होताच माणसं विसरली गेली.

हे काम सोपं नव्हतं. कागद हलका, रंग मोजके, छपाईत एक रंग दुसऱ्यावर सरकलेला. अशा पानावर भीती उभी करायची ती काळ्या शाईच्या बळावर. काय दाखवायचं आणि काय अंधारात ठेवायचं, हे चित्रकाराने ठरवायचं. लेखक "दार उघडलं" एवढं लिहून मोकळा होतो. ते दार किती उघडलं, फटीतून काय दिसलं, हे चित्रकाराचं काम.

माझी एक तक्रारही आहे. या कॉमिक्समध्ये कब्रस्तान म्हटलं की प्रेतं उठणार, हे ठरलेलं. माझ्यासाठी कब्रस्तान म्हणजे दादाजान आहेत ती जागा. शब-ए-बारातला आम्ही तिथे दिवे लावतो, फातिहा पढतो. लहानपणी ते चित्र पाहून मी एक वर्ष तिथे जायला घाबरलो होतो, हे आज लाज न बाळगता सांगतो. पण ही तक्रार करायलाही चित्र गांभीर्याने घ्यावं लागतं. रद्दीवर कोणी टीका करत नाही.

आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शिलाहार राजाचं नाव आहे, 1060 हे सालही त्यावरूनच कळतं. दगड घडवणारे हात कोणाचे, हे आपल्याला सांगता येत नाही. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या लोकांना दोष देऊन उपयोग नाही. पण कॉमिक्सचे चित्रकार तर कालपरवाचे आहेत, काही अजून आपल्यात आहेत.

म्हणून मागणी साधी आहे. व्हॉट्सॲपवर जुनं कव्हर टाकाल तेव्हा खाली चित्रकाराचं नाव टाका. नगरपालिकेच्या वाचनालयात कथा-कादंबऱ्यांच्या शेजारी कॉमिक्सला एक कप्पा द्या. 'भयकथा' म्हटल्यावर धारप आणि मतकरी आठवतात, ते योग्यच आहे. त्यांच्यासोबत शंकर आणि मुळीकही आठवू देत.

गठ्ठा सध्या माझ्या कपाटात आहे. अम्मीची अट एकच आहे, कव्हर भिंतीकडे करून ठेव. मी ठेवलंय. पण प्रत्येक अंकाच्या चित्रकाराचं नाव वहीत उतरवायला घेतलंय, आणि गुरुजी रविवारी मदतीला येतो म्हणालेत.