षडाननाचे आगमन

दिवाळीच्या सुमारास मध्यमवर्गीय घरात एखादी तरी मोठी वस्तू आली पाहिजे, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. एके काळी ती वस्तू रेडिओ असे. मग पंखा, शिवणयंत्र, फ्रीज, टीव्ही असा क्रम लागत गेला. यंदा आमच्या वाशीच्या घरी चिरंजीवांनी हट्ट धरला तो संगणकाला जोडायच्या 'पाच पॉइंट एक' स्पीकरांचा. नाव ऐकून एखाद्या त्रैराशिकाचे उत्तर असावे असे वाटते, पण अर्थ सरळ आहे. समोर डावा, उजवा आणि मधला असे तीन, मागच्या अंगाला दोन, आणि तो 'पॉइंट एक' म्हणजे जड सूर घुमविणारा सबवूफर नावाचा खोका. ध्वनीच्या पट्टीतला सुमारे १२० हर्ट्झपर्यंतचा तळाचा तुकडाच काय तो त्याच्या वाट्याला, म्हणून तो पुरता एक नव्हे. म्हणजे तोंडे एकूण सहा! कार्तिकेयाला आपण षडानन म्हणतो, तसाच हा. 'सात पॉइंट एक'वालेही बाजारात आहेत. ते घेतले तर घरात अष्टप्रधान मंडळच भरेल, आणि आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तेवढ्यांना आसने नाहीत.

हा सारा थाट मुळात थिएटरांचा. १९७५ साली मुंबईच्या मिनर्व्हामध्ये 'शोले' लागला, तो ७० मिलिमीटरच्या रुंद पडद्यावर आणि स्टिरिओफोनिक ध्वनीसह. नाणे उडविण्याच्या प्रसंगी ते आपल्याच खुर्चीखाली पडले असे वाटून प्रेक्षक खाली वाकून पाहत, असे त्या पिढीतले लोक अजून सांगतात. पुढे १९९२ च्या 'बॅटमन रिटर्न्स'पासून डॉल्बीचा डिजिटल ध्वनी चित्रपटांत आला आणि यथावकाश पाच पॉइंट एकची मांडणी घरोघरी उतरली. मिनर्व्हा होते लॅमिंग्टन रोडला, आणि आज स्पीकर घ्यायचे तर पुष्कळजण त्याच रस्त्यावर जातात, हा एक योगायोगच. वाशीहून कुर्ला आणि दादर अशा दोन ठिकाणी गाड्या बदलून आम्हीही ग्रँट रोडला उतरलो.

पण दुकानात शिरण्यापूर्वी आपले कान काय करतात ते समजून घेतलेले बरे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी आणि उजव्याला किंचित मागाहून कळतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तेवढ्यावरून आणि दोन्ही कानांतल्या कमीअधिक जोरावरून मेंदू दिशा ठरवितो. सहा तोंडांचा संच याच हिशेबावर उभा असल्यामुळे त्याला ऐकणाऱ्याची जागा नेमकी लागते. समोरचे दोघे मध्यापासून तीस-तीस अंशांवर, मागचे दोघे सुमारे एकशेदहा अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेच्या थोडे मागे. आणि सर्वांपासून जवळजवळ सारख्या अंतरावर एक खुर्ची. एकच! त्या खुर्चीवर बसला तो राजा. पलंगाच्या कडेवर टेकलेल्या मंडळींना मागचा स्पीकर कानाशी ओरडतो आणि पुढचा ऐकूच येत नाही. आमच्या खोलीत एकशेदहा अंशांवर डावीकडे सौ.चे कपाट येते आणि उजवीकडे गॅलरीचे दार.

सबवूफरची गोष्ट याहून नाजूक. ५० हर्ट्झच्या सुराची एक लाट बावीस फुटांची. आमची खोली तिच्या निम्म्याएवढी. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत पंचावन्न-छप्पन हर्ट्झचा सूर अडकून राहतो आणि गरजेपेक्षा फुगतो. खोका कोपऱ्यात ठेवला तर तो आणखी फुगतो. 'दणका' म्हणून विकली जाणारी चीज पुष्कळदा हीच असते. स्पीकर चांगला म्हणून नव्हे, कोपरा अरुंद म्हणून दणका! शिवाय जड सुरांना भिंतींची फारशी अडचण नसते. ते स्लॅबमधून खालच्या बिऱ्हाडी बिनधोक उतरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. पण शेजाऱ्याला डेसिबल मोजायचे यंत्र लागत नाही, त्याच्या मांडणीतली भांडी पुरतात.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या घरी आबा आहेत. वय ऐंशीच्या पुढे. संध्याकाळी संगणकावर चित्रपट लागला की आधी त्यांच्यासाठी आवाज वाढवायचा, आणि वाढविल्यावर ते म्हणायचे, "अरे, ऐकू येतंय, पण कळत नाही." चिरंजीवांना हे कोडे वाटे. मला, वर्गात वर्षानुवर्षे स्वर आणि व्यंजने शिकविणाऱ्याला, ते कोडे वाटले नाही. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि स्वर तुलनेने खालच्या पट्टीत राहतात. अर्थ मात्र पुष्कळसा व्यंजनांवर टांगलेला असतो. 'सात', 'हात', 'खात' आणि 'जात' यांतला 'आ' सर्वांचा सारखाच. फरक पहिल्या व्यंजनाचा. त्यातला 'स' तर मुख्यतः चार हजार हर्ट्झच्या वर राहतो, आणि वयाबरोबर कान आधी गमावतात ते नेमके हे वरचे सूर. मग आवाज वाढवून काय होते? 'आ' मोठा होतो. त्यात सबवूफर घुमू लागला की उरलीसुरली व्यंजनेही गेली, कारण जड सूर बारीक सुरांना झाकून टाकतो. बारीक सूर जडाला तितका झाकत नाही, हा निसर्गाचा एकतर्फी न्याय. (आबांना आम्ही आधी कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणले, हे सांगितलेच पाहिजे. ऐकू कमी येणाऱ्या वडीलधाऱ्यांना स्पीकर हा उपचार नव्हे.)

तेव्हा दुकानात पारख करायची ती स्फोटांवर नव्हे, बोलण्यावर. विक्रेता हटकून विमान, वादळ नाही तर बॉम्ब ऐकवितो. विमान कसे वाजते हे आपल्यापैकी किती जणांना नेमके ठाऊक असते? आपल्या भाषेतले ओळखीचे बोलणे मात्र कसे वाजते हे प्रत्येकाला ठाऊक आहे. मी मोबाइलमध्ये मराठी बातम्यांचा एक तुकडा नेला होता आणि आबांना बरोबर नेले होते. त्यांनी डोळे मिटून ऐकले. पहिल्या, सर्वांत महाग संचाला त्यांनी नुसती मान हलविली. निवेदिका माठात बसून बोलत होती. खोक्यावर मात्र वॅटचे चार आकडी मंत्र छापलेले! हे आकडे 'पीएमपीओ' नावाने येतात आणि त्यांना काही अर्थ नसतो. पाहायचे ते 'आरएमएस' वॅट, आणि आपल्या खोलीला ते थोडकेच पुरतात.

इथवर वाचून वाचक म्हणतील, मग मास्तर, दोन चांगले स्पीकर घ्या आणि घरी जा. खरे आहे, बहुतेक घरांना माझा सल्ला तोच राहील. 'गीतरामायण' १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून घरोघरी पोचले ते एकाच कर्ण्यातून. आपल्या कपाटातली नाट्यगीते, जुन्या मैफली, कृष्णधवल चित्रपट, सारे एकमार्गी ध्वनिमुद्रण. त्याला सहा तोंडे लावणे म्हणजे एकाच माणसाने सहा कोपऱ्यांतून खोकणे. गाण्यासाठी दोनच उत्तम.

तरीही आम्ही षडानन आणला, आणि तो चिरंजीवांच्या कारणासाठी नव्हे. पाच पॉइंट एकमध्ये ध्वनिबद्ध केलेल्या चित्रपटांत संवाद बहुतांशी मधल्या तोंडातून येतात. दोनच स्पीकर असले तर संवाद, पाऊस आणि पार्श्वसंगीत यांची खिचडी होते आणि डाळ-तांदूळ वेगळे काढता येत नाहीत. मधला स्पीकर स्वतंत्र असला तर तेवढाच वाढविता येतो. मात्र काही गोष्टी आधी तपासल्या पाहिजेत. मधला स्पीकर डाव्या-उजव्यांच्याच घडणीचा हवा. पुष्कळ स्वस्त संचांत तो चिमणीएवढा असतो. संगणकाला मागे हिरवे, काळे आणि नारिंगी अशी तीन भोके हवीत; लॅपटॉपला बहुधा एकच असते, त्याला बाहेरचे साउंड कार्ड लागते. आणि आपण जे पाहतो त्यावर 'पाच पॉइंट एक' लिहिलेले आहे का? ब्राउझरमधून पुष्कळदा दोनच मार्ग येतात. मग मधला बिचारा मुका.

घरी आल्यावर चिरंजीवांनीच संगणकाच्या सेटिंगमध्ये मधल्याचा आवाज चढविला आणि सबवूफर उतरविला. खोका कोपऱ्यातून काढून टेबलाखाली दोन फूट पुढे आणला. मधला स्पीकर पडद्याखाली, किंचित वर तोंड करून, आबांच्या कानाच्या रोखाने. आबांनी तासभर चित्रपट पाहिला आणि मध्येच म्हणाले, "हा नट फार वाईट बोलतो रे." आजवर त्यांना तो बरा वाटत असे.

मागच्या दोन तोंडांच्या तारांचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. त्या कपाटावरून न्याव्यात असे चिरंजीवांचे म्हणणे. कपाट आपल्या खात्यात येते असे सौ.चे. तूर्त दोघेही त्याच कपाटात, फराळाच्या डब्यांशेजारी आहेत.