धर्म की रूढी, हा वाद मंत्रालयाने घालू नये

मा. केंद्रीय महिला व बालविकास मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



डिसेंबर 2017 मध्ये आपल्या मंत्रालयाने सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते की, भारतात मुलींची खतना होते असे दाखवणारी अधिकृत आकडेवारी किंवा अभ्यास उपलब्ध नाही. त्याच वर्षी मे महिन्यात तत्कालीन मंत्री मेनका गांधी म्हणाल्या होत्या, दाऊदी बोहरा या मुस्लिम समाजाने स्वतःहून हे थांबवले नाही तर कायदा करू. सात महिन्यांत आवाज इतका कसा बसला?

आकडेवारी येणार तरी कुठून? मुंबईच्या भेंडीबाजारातली सात वर्षांची मुलगी आजीविरुद्ध पोलिसांत जाईल? मोठ्या झालेल्या बायकांच्या आठवणी बऱ्याचशा सारख्या आहेत. आजी किंवा आत्या खाऊचे, फिरायला नेण्याचे आमिष दाखवते. कुठल्याशा अनोळखी खोलीत, हल्ली कधी दवाखान्यात, मुलीला धरून शिश्निकेवरची कातडी कापली जाते आणि कुणाला सांगायचे नाही म्हणून बजावले जाते. रेहाना घडियाली यांनी ‘मानुषी’त यावर लिहिले ते 1991 मध्ये. 2018 च्या एका अभ्यासात सहभागी बोहरा कुटुंबांतल्या सात वर्षांवरील मुलींपैकी सुमारे 75 टक्के मुलींची खतना झालेली होती. अभ्यास लहान आहे, मान्य. मग मोठा तुम्ही करा.

आता नेहमीचा प्रश्न : हा इस्लाम की रूढी? कुराणात याचा उल्लेख नाही. ज्या हदीसचा दाखला देतात ती अबू दाऊद यांनी स्वतःच्याच संग्रहात कमकुवत ठरवली आहे. इजिप्तमध्ये ही चाल इस्लामच्या आधीची आणि तिथले कॉप्टिक ख्रिस्तीही ती पाळत आले. 2007 मध्ये तिथल्याच अल-अझहर या धर्मपीठाने तिला शरियतचा आधार नाही असे जाहीर केले. भारतातल्या बहुसंख्य मुसलमानांत ही प्रथा नाहीच.

पण ‘ही निव्वळ रूढी’ म्हणून हात झटकणेही खोटेपणाचे. शाफई पंथाच्या फिकहमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, तिला स्थान आहे. बोहरांच्या दृष्टीने दहाव्या शतकातल्या फातिमी ग्रंथाचा, ‘दआइम अल-इस्लाम’चा, तिला आधार आहे. आई मुलीला नेते ती छळायला नव्हे, धर्माचे पालन म्हणून. तिला ‘तुझा धर्म तुला कळत नाही’ असे सांगण्याचा अधिकार ना मला, ना मंत्रालयाला.

आणि त्या वादाची गरजही नाही. ऑस्ट्रेलियात बोहरा मुलींच्या खतनाबद्दल खटला झाला. 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने इजा कितीही लहान असली तरी कायदा लागू होतो असा निवाडा दिला. त्याआधीच, 2016 च्या सुमारास, सिडनी, लंडनसारख्या ठिकाणच्या जमातींनी आपल्या लोकांना पत्रे काढून सांगितले की देशाचा कायदा पाळा, खतना करू नका. धर्म सिडनीत कायद्यापुढे थांबतो, मुंबईत थांबत नाही, कारण मुंबईत स्पष्ट कायदाच नाही. एवढी साधी गोष्ट आहे. इथे मात्र खतनाविरोधी याचिकेचे प्रकरण 2018 पासून घटनापीठाच्या वाटेवर आहे आणि पुढे ते शबरीमला मंदिरप्रवेशाच्या खटल्यातल्या प्रश्नांत गुंतले.

आधीपासूनच्या कायद्यांत हा गुन्हा बसतो, असे खुद्द महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी 2018 मध्ये न्यायालयात सांगितले होते. पण मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली आईलाच आरोपी करायला कोण धजावेल? त्यात जमातीच्या बहिष्काराची भीती. मुंबई राज्याने 1949 मध्ये असा बहिष्कार बेकायदा ठरवला. बोहरांचे धर्मगुरू सय्यदना यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये तो कायदाच रद्द केला. ही भीती काल्पनिक नव्हे.

म्हणून मागणी तीन गोष्टींची आहे. ते 2017 चे म्हणणे मागे घ्या. मुंबई, पुणे, सुरत, उदयपूर इथे बोहरा बायकांची नावे गुप्त ठेवून सरकारी पाहणी करा. आणि कापणाऱ्या डॉक्टरची नोंदणी रद्द होईल, तक्रार करणाऱ्या मुलीला संरक्षण मिळेल असा स्वतंत्र कायदा संसदेत मांडा. धर्मग्रंथांचा अर्थ लावायला विद्वान आहेत; मंत्रालयाने मुलींकडे पाहावे.

आपली,
मुंबईची एक नागरिक