डिपॉझिटचा राग

मे महिन्यात ‘नीट’ आटोपली, की लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरात टेम्पोवर गाद्या, कूलर, पुस्तकांची खोकी चढतात. आणि डिपॉझिट मागितलं की घरमालकाला नेमके भिंतीतले खिळे दिसतात. “रंगालाच गेले की पैसे!” गावाकडून आलेला बाप गेटपाशी तोंडाची वाफ दवडून परत जातो. फोनवर दम दिला, तर उलट त्याच्यावरच तक्रार. त्यापेक्षा राग कागदावर काढावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम ५५ मालकांना सोयीने आठवत नाही. भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. शिवाय मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (दंड फारच स्वस्त ठेवलाय, असो.) पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, रिकाम्या खोलीचे फोटो, तारखेनिशी नोटीस, पोस्टाची पोच एवढं जमवावं. तरी ढिम्म राहिला, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज. तिथंही नाही जमलं, तर ३ वर्षांच्या मुदतीत दिवाणी दावा. नोटिशीत शिव्या मात्र नकोत. समोरचा वकील नेमक्या त्याच मोठ्याने वाचून दाखवतो.